मोबाईलवाल्या पोरांना दोष देण्याआधी आमच्या चाळीचा ग्रुप बघा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं होती, त्यात एका गृहस्थांनी लिहिलंय की आजची पिढी दिवसरात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसते म्हणून मुंबईत मतदान होत नाही, रील बघणाऱ्यांना शहराचं काय पडलंय वगैरे. ते पत्र मी दोनदा वाचलं, तेवढ्यात चहा गार झाला. मला आमच्याकडे नेमकं उलटं दिसलंय आणि ते कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण नानांचा भाग तेवढा ठेवा.

माझं वय ६३. टेलिफोन खात्यात ३६ वर्षं काढली, सुरुवात ऑपरेटर म्हणून केली, तेव्हा ट्रंक कॉल जोडून द्यायचे, कोल्हापूर लावून द्या, रत्नागिरी लावून द्या. माणसं फोनवर काय बोलतात आणि मग खरंच काय करतात यातलं अंतर मला जरा जास्तच माहीत आहे असं समजा (ऐकायची परवानगी नसायची, पण कान थोडेच बंद करता येतात).

आमची चाळ काळाचौकीला. होती म्हणायला पाहिजे, कारण पाडली, रिडेव्हलपमेंटला गेली, टॉवर अजून सहाव्या स्लॅबवर अडकलाय. मंडळी भाडं घेऊन पांगली, कोण डोंबिवलीला कोण बदलापूरला कोण नालासोपाऱ्याला, माझ्यासारखे काही चिकट लोक तिथेच आजूबाजूला खोली घेऊन राहिले. पण चाळ मोबाईलवर अजून उभी आहे. ग्रुपला २११ मेंबर. सकाळी पावणेसहाला पहिलं गुड मॉर्निंगचं फूल पडतं, मग हळद-दुधाचे फायदे, मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि साडेआठनंतर राजकारण जे सुरू होतं ते रात्री कोणीतरी 'झोपा आता' म्हणेपर्यंत. पूर्वी गॅलरीत उभं राहून भांडायचो, आता बदलापूरवरून नालासोपाऱ्याशी भांडतो, एवढाच फरक. आणि भांडणारे कोण? सगळे पन्नाशीच्या पुढचे. पोरं ग्रुप म्यूट करून ठेवतात, विचारा कोणालाही.

तर नाना. नाना म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे, रिटायर्ड, स्वभावाने देवमाणूस, कोणाच्या मयताला पहिले हजर. पण हातात फोन आला आणि नानांचं वृत्तवाहिनीत रूपांतर झालं. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीआधी तीन दिवस, १२ जानेवारी २०२६ ला, नानांनी ग्रुपवर पोल टाकला, 'गुरुवारी मतदान करणार का?' आणि खाली दोन पर्याय, 'होय, माझा हक्क आहे' आणि 'नाही'. १३७ जणांनी होय केलं. दोघांनी नाही केलं, त्यातला एक चुकून, नंतर त्याने माफी मागितली. नानांनी लगेच मेसेज टाकला की आपल्या चाळीचा सर्वांना अभिमान वाटावा असा निकाल. टाळ्या, तिरंगे, हात जोडलेले. मला पण बरं वाटलं, खोटं का बोलू.

१५ जानेवारी. सकाळी साडेसातला मतदान सुरू. महापालिकेत ७ मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार, २०१७ नंतर पहिल्यांदा निवडणूक, २२७ प्रभाग, सरकारी सुट्टी, म्हणजे न यायला कारणच नव्हतं. आणि ग्रुप तर पेटलेला. दुपारपर्यंत शाईचे व्हिडिओ सुरू झाले, मार्करने खूण करतायत आणि नेलपॉलिश रिमूव्हरने पुसली जातेय, तो विषय मग संध्याकाळपर्यंत पुरला. नानांचे त्या दिवशीचे मेसेज मी नंतर मोजले, ४१. लोकशाही धोक्यात, जागे व्हा, घराबाहेर पडा.

नाना स्वतः घराबाहेर पडले नाहीत. गुडघा. म्हणाले दुपारी ऊन उतरल्यावर बघतो, मग म्हणाले गर्दी असेल, मग साडेपाच वाजले. जानेवारीतलं ऊन, साहेब.

मला नानांची टिंगल करायची नाही. मी नंतर त्यांना विचारलं तर ते खरोखर गोंधळले, म्हणाले अगं दिवसभर मी त्याच कामात होतो ना. हे ते मनापासून म्हणाले आणि मला वाटतं माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे. त्यांना आतून वाटत होतं की आपण भाग घेतला. थकवा पण आला होता, डोळे दुखत होते, रात्री लवकर झोपले. ४१ मेसेज केल्यावर माणसाला आपण काहीतरी करून आलोय असं वाटतं आणि ते वाटणं एवढं भरभक्कम असतं की पुढचा अर्धा किलोमीटर चालायची गरजच उरत नाही.

आता पोरांकडे येते. दुसऱ्या माळ्यावरच्यांची मुलगी, २४ वर्षांची, कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करते, ग्रुपवर तिचा आयुष्यात एक मेसेज नाही. ही मुलगी नोव्हेंबरात प्रभागाची प्रारूप, म्हणजे कच्ची मतदार यादी आली तेव्हापासून कामाला लागली होती हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्या पेपरात आलं होतं की त्या यादीत मुंबईत ११ लाखांच्या आसपास दुबार नावं आहेत, त्यावर आमच्या ग्रुपवर तीन दिवस गदारोळ, आणि हिने काय केलं तर ती यादी उतरवून घेतली, चाळीच्या नावाखाली असलेली सगळी नावं शोधली, एका शंभर पानी वहीत लिहून काढली, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, कोण कुठे राहायला गेलं, कोण वारलं, कोणी नाव तिकडे हलवलं (डोंबिवलीला ज्यांनी हलवलं होतं त्यांचं मतदान तिकडे त्याच दिवशी होतं, ते सोडून दिले). आमच्या चाळीतली नऊ नावं शेजारच्या प्रभागात जाऊन पडली होती, त्यात एकाच घरातला नवरा इकडे बायको तिकडे. ते तिने शोधलं. ग्रुपवरच्या २११ जणांपैकी ही यादी उघडून बघितलेले, तिच्यासकट, चार.

तिच्या जोडीला एक पोरगा, तिसऱ्या माळ्यावरच्यांचा. हा अगदी तुमच्या पत्रलेखकांना पाहिजे तसा, केस रंगवलेले, सतत रील, कानात ते पांढरं काहीतरी. त्याला सप्टेंबरात १८ पूर्ण झाली, आणि ह्या निवडणुकीला मतदार यादी धरली १ जुलै २०२५ ची, म्हणजे तो हुकला. त्याला मत नाही. पण १५ तारखेला सकाळी सातपासून तोच पोरगा बूथच्या बाहेर, कोणाचा नंबर कुठल्या खोलीत ते सांगत उभा, आणि दोन आजींना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं ते त्याने आणि त्याच्या मित्राने. जेवला चार वाजता, वडापाव. मत ज्याला होतं तो घरी बसून तिरंगे पाठवत होता आणि ज्याला नव्हतं तो खुर्च्या उचलत होता, हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून मला त्या पत्राचा राग आला.

त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता ती मुलगी माझ्याकडे आली, वही घेऊन. म्हणाली मावशी, पोलवर होय केलेल्यांपैकी तीसच आलेत आत्तापर्यंत, तुम्ही फोनवर होतात ना, फोन लावाल का? मला काय, म्हातारपणी परत ड्युटी लागली. पडवीत खुर्ची टाकली, वही मांडीवर, चष्मा, पाण्याची बाटली, आणि अकरा ते सव्वाएक फोन लावत बसले. ४० जणांना लावले. त्यातले २९ आले. बदलापूरचं एक अख्खं कुटुंब आलं, फास्ट पकडून दादरला उतरले, तिथून स्लोने चिंचपोकळी, पाच माणसं, एक जण तर पंधरा मिनिटं बांधकामाच्या पत्र्यातून टॉवरकडे बघत उभा राहिला.

मग माझ्या लक्षात आलं काय होतं ते. ग्रुपवर अंगठा दिला की माणूस सुटतो. फोनवर सुटत नाही. फोनवर मी विचारते, काय गं येतेस ना, तर तिला कारण तोंडाने सांगावं लागतं, आणि 'अगं जरा घर आवरायला काढलंय' हे आपल्याच तोंडून बाहेर पडल्यावर आपल्यालाच कसंतरी वाटतं. शिवाय मी तिला पंचवीस वर्षं ओळखते. तिच्या डिलिव्हरीला मी हॉस्पिटलात बसले होते. मला नाही कसं म्हणणार? आणि नवीन नंबरवरून रेकॉर्ड केलेला आवाज येतो ना, 'नमस्कार मी आपला उमेदवार बोलतोय', तो तर आम्ही नमस्कारातल्या न वर कट करतो.

शेवटी वहीप्रमाणे १३७ पैकी ७४ जण येऊन गेले. मुंबईचा आकडा नंतर ५३ टक्क्यांच्या आसपास आला. हिशोब केलात तर आमची चाळ मुंबईच्या जवळपास बरोबरीने, त्यात अभिमान वाटायचा की लाज हे ज्याचं त्याने ठरवावं. फोन लावले नसते तर कुठे असतो ते सांगायला नको.

माझी मुलगी राज्यशास्त्रात एमए आहे, तिला हे सगळं सांगितलं तर हसली आणि म्हणाली आई हे अमेरिकेत तपासून झालंय. २०१० च्या नोव्हेंबरात तिकडे निवडणूक होती तेव्हा फेसबुकनेच काही अभ्यासकांबरोबर एक प्रयोग केला, ६ कोटी १० लाख लोकांवर. बहुतेकांना मतदानाच्या दिवशी एक मेसेज दाखवला, आज मतदान आहे, केंद्र इथे शोधा, आणि 'मी मत दिलं' असं बटण, आणि खाली तुमच्या ओळखीच्या ज्यांनी ते बटण दाबलंय त्यांचे फोटो. काहींना तोच मेसेज पण फोटो नाहीत. काहींना काहीच नाही. नंतर सरकारी नोंदींशी ताडून बघितलं तर नुसता मेसेज बघितलेले आणि काहीच न बघितलेले यांच्यात फरक सापडला नाही. शून्य. चेहरे बघितलेल्यांमध्ये थोडा सापडला, अर्धा टक्कासुद्धा नाही, पण एवढ्या मोठ्या संख्येत तो थोडा म्हणजे साधारण ६० हजार मतं, आणि त्यांच्या जवळच्या माणसांमुळे आणखी २ लाख ८० हजार. त्यातही जवळचे मित्र असतील तरच, नुसते फेसबुकवरचे ओळखीचे असले तर काही उपयोग नाही. २०१२ ला हे छापून आलंय. मी म्हटलं बरोबर आहे, मावशीचा फोन आणि पोल यातला हाच फरक, त्यांना ६ कोटी लोक लागले, मला ४० पुरले. (मुलगी म्हणाली ४० वर काही सिद्ध होत नाही. असेल.)

मुंबईला तर हे नवीनही नाही. २६/११ नंतर ३ डिसेंबर २००८ ला गेटवेला जी गर्दी जमली होती ती आठवते का, हजारो माणसं, मेणबत्त्या, पाट्या, सगळं एसएमएस आणि फेसबुकवरून जमलेलं, कोणा पक्षाने बोलावलं नव्हतं. मी पण गेले होते ऑफिसातल्या बायकांबरोबर. 'आता पुरे' असं प्रत्येकाच्या तोंडात. त्यानंतर पाच महिने पण झाले नाहीत, ३० एप्रिल २००९ ला लोकसभेचं मतदान आलं, गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार, आणि त्याच दक्षिण मुंबईत मतदान झालं ४० टक्क्यांच्या आसपास. मेणबत्ती घेतलेल्यांपैकी किती जण लोणावळ्याला होते देव जाणे. तेव्हा आजच्यासारखा हा व्हॉट्सॲपही नव्हता, आणि रीलवाली पोरं तेव्हा शिशुवर्गात होती, त्यांच्यावर ते ढकलता येत नाही.

तसंच २०११ चं. अण्णा हजारेंचं आंदोलन दिल्लीत एवढं गाजलं, मिस्ड कॉल द्या पाठिंबा द्या, आमच्या खात्यात पण लोक ड्युटीवर बसून मिस्ड कॉल देत होते (फुकटात देशसेवा, आणि टेलिफोन खात्यात बसून मिस्ड कॉल, त्यावरून आम्ही हसायचो). मग डिसेंबरात थंडी म्हणून उपोषण मुंबईला आलं, वांद्र्याला बीकेसीत एमएमआरडीएच्या मैदानावर, २७ तारखेला. मैदान भरलं नाही. दुसऱ्याच दिवशी अण्णांची तब्येत पण बिघडली आणि उपोषण संपलं. मिस्ड कॉल देणाऱ्यांना बीकेसीला जायला कुठली बस लागते हे सुद्धा बहुतेक माहीत नसेल.

म्हणून मोबाईल वाईट असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे पण ऐका. मार्च २०१८ ला नाशिकवरून शेतकरी चालत आले, लाँग मार्च, भेगा पडलेल्या रक्ताळलेल्या पायांचे फोटो फिरले आणि त्या फोटोंनी मुंबई हलली, लोक चपला आणि पाणी घेऊन रस्त्यावर. दहावीच्या पोरांची परीक्षा होती म्हणून त्यांनी सकाळी मुंबई अडवली नाही, सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून चालत आझाद मैदान गाठलं, तेव्हा आमच्या इथली पोरं बिस्किटांचे पुडे घेऊन दादरला जाऊन उभी होती, मेसेज बघूनच गेली होती. पण साहेब, नाशिकपासून चालायला लोक मेसेजवर निघाले नव्हते. त्यामागे किसान सभेच्या गावागावातल्या बैठका होत्या, वर्षानुवर्षांच्या. फोनने मुंबईकरांना दारात आणलं, शेतकऱ्यांना घरातून बाहेर काढलं ते बैठकांनी.

आणि आरे, गोरेगावकडची ती झाडी. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ते शूटिंग फोनवर आलं आणि अर्ध्या रात्री पोरं तिथे पोचली, हे फोनशिवाय होणं शक्यच नव्हतं, २९ जणांना अटक झाली. पण झाडं थांबली कशाने? कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. पत्र! सुप्रीम कोर्टाने तीच याचिका मानली आणि ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २१४१ झाडं गेली होती. लाखो लोकांनी सेव्ह आरे लिहिलं असेल पण कोणाला तरी सुचलं की नेमकं कोणाला लिहायचं, कोणत्या पत्त्यावर, आणि काय मागायचं. आमच्या ग्रुपवरच्या रागाला पत्ताच नसतो. तो 'सगळे चोर आहेत' असा निघतो आणि चोरांपर्यंत पोचत नाही. बाकी त्यानंतर दोनच आठवड्यांनी विधानसभेचं मतदान होतं, आणि मुंबई पुन्हा निम्म्याच्या आसपासच अडकली.

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या वेळचा फेसबुक म्हणजे गेट सभा आणि नाक्यावरचा फळा. फळ्यावर खडूने कोणीतरी रोज लिहायचं आणि त्याच्याखाली उभं राहून माणसं वाद घालायची, पण फळा लिहिणारा कोण हे सगळ्यांना माहीत असायचं, चुकीचं लिहिलं तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन विचारता यायचं. पक्षाच्या गटप्रमुखाला आपल्या चार इमारतींतलं कोण मतदान करून आलं आणि कोण राहिलं हे दुपारी तीन वाजता पाठ असायचं, मग तो दारात येऊन उभा, काय वहिनी, स्वयंपाक नंतर करा. आम्हाला तो त्रास वाटायचा. आता तो येतच नाही, पक्षांची सगळी पोरं पण व्हिडिओ एडिट करण्यात गुंतलेली असतात. त्या काळात सगळं छान होतं असं नाही, दारात येणारा कधी कधी दमात पण घ्यायचा. पण कोणीतरी यायचं.

एक गोष्ट मात्र पोरांच्या बाजूने सांगायला हवी, ती म्हणजे भीती. नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब गेले तेव्हा बंदवर फेसबुकवर एक ओळ लिहिली म्हणून पालघरच्या मुलीला अटक झाली, आणि ती ओळ लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला. लाइक केली म्हणून! त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं, पण घराघरात जे बसलं ते रद्द झालं नाही. माझी सून अजून म्हणते आई कशालाही काही करू नका, ह्यांची सरकारी नोकरी आहे. आमचा ग्रुप अ‍ॅडमिन तर दर निवडणुकीला घाबरून 'राजकीय मेसेज टाकू नये' असं टाकतो, त्याला मी सांगितलं की अरे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ लाच सांगितलंय की मेंबरच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला उगाच जबाबदार धरता येत नाही, तर तो म्हणाला मावशी तो नागपूरचा निकाल आहे. आता काय बोलणार! म्हणजे बोलणारे पुष्कळ आणि बेधडक, पण ते सगळे आमच्यासारखे पेन्शनवाले, ज्यांना गमवायला काही नाही. नोकरीतली पोरं गप्प असतात म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नाही.

आणि मोबाईलमुळे मतदान होत नाही हे एका अर्थी मी स्वतः बघितलंय, हसू नका. २० मे २०२४, लोकसभा. सोमवार, भयंकर उकाडा, रांग जिन्यापासून फाटकापर्यंत. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मोबाईल न्यायचा नाही. आता कामावरून परस्पर आलेला माणूस मोबाईल ठेवणार कुठे? त्याचे पैसे त्यात, आधार त्यात, घरची किल्ली सोडून सगळं त्यात. माझ्यासमोर चार जण परत गेले. शेवटी समोरच्या वडापाववाल्याने गल्ल्याखाली एक टोपली ठेवली, प्रत्येक फोनला कागदाची चिठ्ठी रबराने लावून, आणि दीड-दोनशे फोन सांभाळले, एक रुपया घेतला नाही. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर फोन ठेवायची सोय करणार असं जाहीर केलं तेव्हा मला त्या टोपलीचीच आठवण झाली.

निकालानंतरचं सांगते आणि थांबते. आमच्याकडे निवडून आलेल्यांनी आठवड्याभरात ग्रुप काढला, आम्हा सगळ्यांना न विचारता घेतलं. चांगली गोष्ट आहे म्हटलं, चार वर्षांनी कोणीतरी विचारतंय. मी लगेच लिहायला गेले की आमच्या गल्लीतलं गटाराचं झाकण दोन महिने फुटलंय. तर खाली अक्षरं, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात'. मग रोज फोटो येतात, उद्घाटन, सत्कार, हळदीकुंकू, शुभेच्छा, आणि आम्ही ७०० लोक गुपचूप बघतो. सोशल मीडियाने नेते जनतेच्या जवळ आले म्हणतात ना, आले, पण फळ्याखाली उभं राहून निदान ओरडता तरी यायचं.

झाकणाचं काम त्या मुलीने केलं. कसं, तर त्या रंगीत केसांच्या पोराने फोटो काढला, १९१६ ला फोन करून तक्रार नोंदवली, नंबर घेतला, तो नंबर घेऊन मी आणि ती आणि अजून दोन बायका वॉर्ड ऑफिसला जाऊन बसलो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला माणूस म्हणाला तुम्ही परत आलात का. झाकण बसलं. ग्रुपवर फोटो टाकला तर ८६ अंगठे आणि नानांनी लिहिलं 'एकीचं बळ'. एकीत आम्ही चार बायका आणि एक पोरगा होतो, पण जाऊ दे.

नानांना मी माफ केलंय कारण ते आता वहीवर बसतात. गुडघ्यामुळे चालता येत नाही म्हणून फोन लावायचं काम त्यांना दिलंय, आणि आवाज चांगला आहे त्यांचा, लोक उचलतात. जे १३७ मधले ६३ जण आले नाहीत त्यांच्याकडून विचारून घेतोय, नाव यादीत नव्हतं, पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म भरायचा राहिला, की आळस. आत्तापर्यंत ३७ जणांचं झालं. आळस निम्म्याहून कमी निघाला, बाकी नावांची भानगड, जी मोबाईलवर दहा मिनिटांत बघता आली असती.

उरलेल्या २६ जणांचे फोन रविवारी सकाळी दहाला लावणार आहोत, माझ्या खोलीवर, चहा मिळेल. ग्रुपवर टाकलंय, ५२ अंगठे आलेत, म्हणजे पाच जण येतील असा अंदाज आहे. तुमच्या त्या पत्रलेखकांना पण निरोप द्या, जवळपास राहत असतील तर यावं. चष्मा घेऊन या म्हणावं, यादीतली अक्षरं फार बारीक असतात.

आपली,
एक जुनी वाचक, काळाचौकी